मसुदा यंत्राचा, सही आमची: आमच्या बँकेच्या संचालक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. संचालक आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी

विषय: ऑफिसच्या सॉफ्टवेअरमधला एआय सहायक सक्तीने वापरण्याच्या परिपत्रकाबाबत

महोदय,

मागच्या तिमाहीत निघालेलं आपलं परिपत्रक सर्व शाखांना पोचलं आहे. वर्ड, एक्सेल, ईमेल आणि ऑनलाइन बैठका या सगळ्यांत आता एआय सहायक बसवला आहे, प्रत्येक कर्मचाऱ्याने तो रोज वापरायचा आहे, कोण किती वापरतो याचा अहवाल मुख्यालय दरमहा बघणार आहे आणि वार्षिक मूल्यमापनात त्याला गुण असणार आहेत. शेवटच्या परिच्छेदात आणखी एक वाक्य आहे: 'कार्यक्षमतेत अपेक्षित वाढ लक्षात घेता' निवृत्तीमुळे रिकाम्या झालेल्या जागा तूर्त भरल्या जाणार नाहीत. सहायक आणला याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तो आला म्हणून माणसं कमी करायची, हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही. विभागामार्फत रीतसर टिपणी पाठवली होती. ती 'पाहिले' एवढ्या शेऱ्यासह परत आली, म्हणून हे पत्र खुलं.

बँकेचं नाव इथे लिहीत नाही. दक्षिण महाराष्ट्रातली एक मध्यम आकाराची नागरी सहकारी बँक, एवढं पुरे. सहायक कोणत्या कंपनीचा तेही सांगत नाही. नाव बदललं तरी पुढचा मजकूर फारसा बदलणार नाही, आणि वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे आपल्याच ऑफिसबद्दल लिहिलंय असं वाटण्याची शक्यता आहे.

मी सभा विभागात काम करते. आपल्या सभांची विषयपत्रिका, टिपण्या, इतिवृत्त, ठरावांच्या प्रमाणित नकला हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. 'खरी नक्कल' असा शिक्का मारल्यावर त्याखाली जी सही असते ती माझी. लेखापरीक्षक, उपनिबंधक कार्यालय, प्रसंगी न्यायालय, सगळे त्या सहीवर विश्वास ठेवतात. ती सही ज्या कागदावर पडते तो कागद कसा तयार झाला याच्याशी माझा संबंध आहे, तो असा.

आधी या यंत्राचं जे श्रेय आहे ते देते. आमच्या कर्ज विभागातल्या एक बाई मराठीत फर्मास टिपणी लिहितात, पण इंग्रजी पत्र म्हटलं की दिवसभर टाळाटाळ चालायची. शेवटी कोणाला तरी 'जरा बघता का' म्हणून विनवावं लागायचं. आता त्या मराठीत चार ओळी लिहितात, सहायकाकडून इंग्रजी करून घेतात, वाचतात, दोन शब्द बदलतात आणि पाठवून देतात. कोणाची मिनतवारी नाही. एक्सेलमधलं अडलेलं सूत्र विचारलं की तो नीट सांगतो. पन्नास ईमेलच्या साखळीत नेमकं काय मागितलंय हेही बऱ्यापैकी काढून देतो. हे सगळं मला हवं आहे. उद्या काढून घेतलं तर मीच पहिली तक्रार करीन.

आता ज्या गोष्टी परिपत्रक लिहिणाऱ्यांनी बहुधा पाहिल्याच नाहीत, त्या सांगते.

एका शाखेतून चेक न वटल्याच्या नोटिशीचा मसुदा आमच्याकडे आला. भाषा स्वच्छ, परिच्छेद आखीव, वर कलम १३८ चा उल्लेख. आणि मधोमध वाक्य होतं की नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत रक्कम भरावी. चलनक्षम दस्तऐवज कायद्यात ३० दिवस आहेत, पण ते आपल्यासाठी आहेत: चेक परत आल्याचं कळल्यापासून तेवढ्या दिवसांत आपण नोटीस पाठवायची. खातेदाराला नोटीस मिळाल्यावर मुदत मिळते ती १५ दिवसांची. यंत्राने दोन मुदतींची सरमिसळ केली आणि ती इतक्या आत्मविश्वासाने लिहिली की शाखेतल्या नव्या मुलाला शंकाच आली नाही. त्याने कुठे शिकावं? चूक पकडली ती वसुली विभागातल्या एका ज्येष्ठांनी. त्यांनी आयुष्यभर अशा नोटिसा हाताने लिहिल्या आहेत. मसुदा वाचताना त्यांचं बोट त्या आकड्यावर आपोआप थांबलं. हे गृहस्थ पुढच्या महिन्यात निवृत्त होत आहेत. त्यांची जागा भरायची नाही, असं आपलं परिपत्रक म्हणतं.

दुसरी गोष्ट माझ्या टेबलावरची, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बँकेची जुनी इतिवृत्तं संगणकावर आहेत हे आपल्याला माहीत आहे. ती कशात टाइप केली आहेत हे मात्र फार जणांना माहीत नसेल. युनिकोड (कोणत्याही संगणकावर मराठी सारखंच वाचता येईल अशी अक्षरं साठवण्याची पद्धत) रुळण्याआधी आपल्याकडे मराठी टायपिंग म्हणजे पुण्याच्या सीडॅकचं आयएसएम नाहीतर श्रीलिपी. त्या फायलींत स्क्रीनवर मराठी दिसतं, कारण तो फॉन्ट त्या मशीनवर असतो. फॉन्ट काढला की खाली उरतात रोमन अक्षरं, आकडे, टिंबं, कंस यांची खिचडी. माणसाला मराठी दिसतं, यंत्राला खिचडी दिसते. एका जुन्या मालमत्तेच्या विक्रीबाबत पूर्वी काय ठरलं होतं हे हवं होतं. सहकाऱ्याने ती फाइल उघडली आणि सहायकाला सारांश मागितला. 'हा मजकूर मला वाचता येत नाही' असं उत्तर आलं असतं तर मी त्याला दंडवत घातला असता. आला तो सुबक मराठी परिच्छेद: सभेने मालमत्तेच्या विक्रीस सर्वानुमते मान्यता दिली, मूल्यांकन अहवाल सादर करण्यात आला, पुढील कार्यवाहीचे अधिकार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना देण्यात आले. कुठल्याही सहकारी संस्थेच्या कुठल्याही सभेत शोभेल असा. मी कपाटातून बांधणी केलेलं इतिवृत्ताचं पुस्तक काढलं. त्या सभेत तो विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला होता. मूल्यांकन अहवाल आलाच नव्हता, म्हणूनच तहकूब झाला होता. सहायकाने बहुधा प्रश्नातूनच विषय उचलला होता आणि बाकीचं मनाने भरलं होतं.

त्या परिच्छेदात व्याकरणाची एकही चूक नव्हती, आणि मला भीती वाटते ती त्याचीच. गबाळा मसुदा आपण संशयाने वाचतो, नीटनेटका मसुदा वाचताना सावधपणा सैल होतो.

बैठकांच्या सारांशाचंही तसंच. सभागृहात टेबलाच्या मधोमध एक माइक, भोवती सगळे संचालक, त्यातले दोघे नेहमी एकाच वेळी बोलणारे (नावं घेत नाही, आपल्याला ठाऊक आहेत). कोण काय बोललं हे मलाही कधीकधी आवाजावरून आणि नजरेवरून ठरवावं लागतं. मागच्या एका सभेच्या यांत्रिक सारांशात एका संचालकांनी कर्जमंजुरीला नोंदवलेला विरोध नव्हता. चर्चेअंती प्रस्ताव मंजूर, एवढंच. सारांश म्हणून ते चूक नव्हतंही, कारण बहुमताने तो मंजूर झालाच होता. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८८ खाली उद्या नुकसानीची चौकशी लागली आणि संचालकांची वैयक्तिक जबाबदारी ठरवायची वेळ आली, तर आपला विरोध इतिवृत्तात आहे की नाही यावर त्या गृहस्थांचं घर अवलंबून असेल. महत्त्वाचं काय आणि गाळायचं काय हे यंत्र ठरवतं, ते सर्वसाधारण बैठकांच्या मापाने. सहकारी बँकेची सभा ही सर्वसाधारण बैठक नव्हे. माननीय संचालक, इथे प्रश्न माझ्या सोयीचा कमी आणि आपल्या संरक्षणाचा जास्त आहे.

आकड्यांबाबत मी थोडक्यात सांगते, कारण अशी साधनं विकणाऱ्यांनीच सांगून ठेवलं आहे. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२५ मध्ये एक्सेलच्या रकान्यात थेट लिहिता येईल असं कोपायलट (त्यांचा एआय सहायक) फंक्शन आणलं. अचूकता किंवा तेच उत्तर पुन्हा मिळणं गरजेचं असेल तिथे ते वापरू नये, आकडेमोडीला एक्सेलची नेहमीची सूत्रं वापरावीत, असं त्यांच्या स्वतःच्या माहितीपानावर म्हटलं होतं. बँकेत अचूकता नको असलेलं एक्सेल कोणतं, हे मला कोणीतरी दाखवून द्यावं.

चौथा मुद्दा गोपनीयतेचा. हा सहायक बाहेरून काही चोरत नाही. ज्या कर्मचाऱ्याला ज्या फायली उघडायचा परवाना आहे, तेवढ्यातूनच तो उत्तर देतो. पण आपल्या सामाईक ड्राइव्हवर कोणाला कशाचा परवाना आहे याची झाडाझडती कधी झालीच नाही. वर्षानुवर्षं फोल्डर 'सर्वांसाठी' खुले आहेत. आजवर त्याने बिघडलं नाही, कारण सतरा फोल्डरांच्या आत शिरून कोणी बघत नव्हतं. आता बघावं लागत नाही. नव्याने लागलेल्या एका मुलीने वैद्यकीय रजेचा नियम काय आहे असं विचारलं. नियम आला, आणि त्याखाली 'उदाहरण' म्हणून दुसऱ्या शाखेतल्या एका सहकाऱ्याच्या रजेच्या अर्जातला मजकूर आला, आजाराच्या नावासकट. ती मुलगी बिचारी घाबरून माझ्याकडे आली, आपल्याकडून काही गुन्हा झाला की काय म्हणून. त्या सहकाऱ्याला हे अजून माहीत नाही. कोण सांगणार, हाही प्रश्नच आहे. कर्मचाऱ्यांचं हे असं, तर खातेदारांच्या केवायसी कागदांचं काय? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. पूर्ण अंमलाला मुदत दिलेली आहे, हे खरं. पण ती मुदत घर आवरण्यासाठी आहे.

आणि आता वापराच्या अहवालाबद्दल. दरमहा यादी येते: कोणी किती वेळा सहायकाला काम सांगितलं. यादीत तळाला असलेल्यांना शाखाधिकारी बोलावून घेतात. परिणाम काय झाला ते आपल्याला वरच्या मजल्यावर कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. लोक सकाळी आल्या आल्या त्याला 'आज वार कोणता' विचारतात. एकाने दुपारच्या डब्यातल्या भाजीची पाककृती विचारली. गुण मिळाले. दोन ओळींचं पत्र आधी त्याच्याकडून दीड पानाचं करून घेतात. मग ज्याला ते पत्र जातं तो त्याच्या सहायकाकडून पुन्हा दोन ओळींचं करून घेतो. थकबाकीदाराला गेलेल्या एका स्मरणपत्राची सुरुवात 'आपल्या सातत्यपूर्ण सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार' अशी होती. तीन वर्षं हप्ता न भरलेल्या माणसाचे आपण आभार मानले. त्याने फोन करून विचारलं म्हणे, की व्याज माफ झालं का?

माझं म्हणणं एवढंच आहे. मसुदा यंत्राने केला तरी जबाबदारी सही करणाऱ्याची राहते. याला माझा आक्षेप नाही, ती तशीच असायला हवी. पण मग तपासायला वेळ हवा, तपासता येणारी माणसं हवीत आणि 'इथे मी हे वापरणार नाही' म्हणायचा हक्क हवा. आपल्या परिपत्रकाने जबाबदारी आमच्याकडे ठेवली आणि या तिन्ही गोष्टी काढून घेतल्या.

ही नुसती आमच्या ऑफिसातली कुरकुर नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एका कंपनीबाबतचा आकारणी आदेश रद्द केला. कंपनीने विवरणपत्रात दाखवलेलं उत्पन्न ३ कोटींच्या आसपास, खात्याने ठरवलेलं जवळजवळ २८ कोटी, आणि आदेशात आधाराला घेतलेले तीन निवाडे कुठल्याही न्यायालयाने दिलेलेच नव्हते. एआयच्या जमान्यात यंत्रणेने पुढे केलेल्या उत्तरांवर आंधळेपणाने विसंबता येणार नाही, ती वापरण्याआधी पडताळली पाहिजेत, असं न्यायालयाने बजावलं. त्याच महिन्यात डेलॉइट या बड्या सल्लागार कंपनीने ऑस्ट्रेलियन सरकारला एका अहवालाच्या शुल्काचा काही भाग परत करायचं कबूल केलं. सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या त्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ आणि न्यायालयाच्या तोंडी घातलेलं बनावट वाक्य सापडलं होतं. इतक्या मोठ्या ठिकाणी तपासणी निसटली, तर आपल्या शाखेतल्या दोन माणसांकडून ती रोज होईल हे कशावरून?

आपल्या क्षेत्रापुरतं म्हणाल, तर ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने आयआयटी मुंबईचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध केला. एआय वापरणाऱ्या वित्तीय संस्थांकडे संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण असावं, ही त्यातली एक शिफारस आहे. शिफारस म्हणजे आदेश नव्हे, हे मला कळतं. पण आपल्या मंडळासमोर असं धोरण आलेलं नाही, हे मी खात्रीने सांगू शकते. विषयपत्रिका मीच तयार करते.

मागण्या अशा:

१. वापराचा मासिक अहवाल बंद करावा आणि मूल्यमापनातले त्याचे गुण रद्द करावेत. कोणतं हत्यार किती वेळा उचललं यावर कामाची किंमत ठरत नाही.

२. वसुलीच्या आणि कायदेशीर नोटिसा, ठराव, इतिवृत्त, आणि बाहेर जाणारे आर्थिक आकडे यांचा मूळ मसुदा माणसानेच करावा. इतर मसुद्यांत यंत्राची मदत घेतली असेल तर कार्यालयीन प्रतीवर तशी नोंद असावी आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरी असावी. तपासणीचा वेळ हे काम म्हणून धरावं. आज तो कुठेच धरला जात नाही.

३. ज्या जागांवर तपासता येणारी माणसं आहेत त्या निवृत्तीनंतर भराव्यात. वसुली विभागातली जागा सर्वांत आधी, आणि नव्या माणसाला जुन्यासोबत बसायला निदान काही आठवडे मिळतील अशा बेताने. तेवढा वेळ उरलेला नसेल तर त्या ज्येष्ठांना करारावर थांबवून घ्यावं.

४. सामाईक ड्राइव्हवरचे परवाने तपासून होईपर्यंत फायलींत शोधण्याची सहायकाची सोय बंद ठेवावी. ज्या सहकाऱ्याच्या आजाराची माहिती उघड झाली त्याला बँकेने स्वतःहून, लेखी कळवावं.

५. बैठकीचं ध्वनिमुद्रण आणि शब्दांकन उपस्थितांना आधी सांगून, त्यांची संमती घेऊनच करावं. ते कुठे साठतं, कोण ऐकू शकतं, कधी पुसलं जातं हे लिहून द्यावं. शाखांच्या छोट्या बैठकांत लोकांनी मनमोकळं बोलणं सोडलं आहे, त्याचं कारण हेच.

६. आयएसएम आणि श्रीलिपीतल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये आणण्याचं काम हाती घ्यावं. हे रटाळ आणि खर्चिक आहे, रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं आणि रफार माणसाने तपासावे लागतात. पण सहायकावर वर्षाला जेवढं भाडं जातं त्यातला थोडा भाग इकडे वळवला तरी सुरुवात होईल. तोवर त्या फायलींचा यांत्रिक सारांश कोणीही ग्राह्य धरू नये.

७. मोफत एआय ॲपवर खातेदारांची माहिती टाकू नये, असं स्पष्ट मराठीत एक पान काढावं. अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना चॅटजीपीटी आणि डीपसीकसारखी साधनं कार्यालयीन संगणकांवर वापरू नका असं कळवलं होतं. आपल्याकडे तसा एक शब्द नाही. घाईत असलेला माणूस खिशातल्या मोबाइलवर नोटीस चिकटवून मोकळा होतो, हे मी पाहिलं आहे.

यातली पहिली मागणी मान्य करायला एक पैसाही लागत नाही. ती आजच होऊ शकते.

बाकीच्यांसाठी संचालक मंडळाच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर 'एआय वापराचे धोरण' हा विषय घ्यावा आणि त्या चर्चेला शाखांमधल्या दोन कर्मचाऱ्यांना निमंत्रित म्हणून बोलवावं, अशी विनंती आहे. विषयपत्रिका सभेच्या सात दिवस आधी निघते. त्यापूर्वी अध्यक्षांची संमती मिळाली तर टिपणी मी तयार ठेवते. नोटिशीचा तो मसुदा, त्या जुन्या सभेच्या इतिवृत्ताचं पान आणि यंत्राने केलेला त्याचा सारांश हे तिन्ही कागद सोबत जोडीन.

आपली विश्वासू,
सभा विभागातील एक अधिकारी